मिसेसचे बूट, नंबर दहा

३ फेब्रुवारी

ही वही कामासाठी आणली आहे. यात खासगी काही लिहायचं नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

काम असं. आमच्या स्टुडिओत आठ जुने परदेशी सिनेमे डबिंगला आले आहेत. सगळे काळेपांढरे, सगळे प्रेमाचे आणि सगळे विनोदी. जुन्या सिनेमांत बोलणं आणि बाकीचे आवाज एकाच पट्टीवर असतात. बोलणं पुसलं की दरवाजे, कपबश्या, पावलं, पाऊस सगळंच पुसलं जातं. मग नायिका आपल्या भाषेत फडाफडा बोलते आणि चालते मात्र भुतासारखी, आवाज न करता. तो आवाज घालणारा माणूस मी. तेवीस वर्षं हेच करतो आहे. घोडे, तलवारी, सैनिकांचे बूट. एकदा तर दोन चादरी आणि एका पत्र्यावर अख्खं वादळ काढलं होतं.

ह्या वेळी घोडे नाहीत. आमचे ध्वनीप्रमुख, ज्यांना सगळा स्टुडिओ कानवाले म्हणतो, ते म्हणाले, "यात कोणी मरतबिरत नाही." मी विचारलं, मग लोक बघतात काय. त्यांनी पहिल्या सिनेमाची यादी माझ्या हातात ठेवली.

दुसरी अडचण मोठी आहे. बायकांची पावलं आजवर माझ्या सहकारी बाई घालायच्या. गेल्या महिन्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या निवृत्त झाल्या. कानवाले म्हणाले, "आता दोघांची पावलं तूच घाल." माझं वय एकोणपन्नास, वजन ब्याऐंशी किलो, आणि मला मिशा आहेत. पण पावलांना मिशा नसतात, हेही खरं.

५ फेब्रुवारी

पहिला सिनेमा पाहिला. एका हॉटेलात एक श्रीमंत मुलगी लग्नातून पळून लपली आहे आणि टेलिफोन दुरुस्त करणारा एक माणूस चुकून तिच्या कपाटात अडकतो. दोन तास सगळे एकमेकांशी खोटं बोलतात आणि खोल्या बदलतात. मी दरवाजे मोजले. एकसष्ट.

शुद्ध मूर्खपणा आहे. शेवटपर्यंत बसलो, कारण खुर्ची आरामशीर होती.

७ फेब्रुवारी

निवृत्त बाईंचे जुने उंच टाचांचे बूट घालून पाहिले. त्यांचा नंबर पाच, माझा दहा. नुसती बोटं आत घालून चवड्यावर तीन पावलं टाकली, तिसऱ्या पावलाला टाच तुटली आणि मी पाण्याच्या टबात बसलो. टब समुद्रासाठी भरून ठेवला होता. कानवाले काचेपलीकडून म्हणाले, "हा आवाज जपून ठेवतो."

बूट करून घ्यावे लागणार.

८ फेब्रुवारी

स्टुडिओच्या मागच्या गल्लीत बुटांचं दुकान आहे. इतकी वर्षं त्याच्यावरून जातो, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर लाकडाचे पाय. गिऱ्हाइकाचं माप घेऊन दुकानाच्या मालकीणबाई आधी लाकडाचा पाय कोरतात आणि मग त्याच्यावर बूट बेततात. प्रत्येक पायाला चिठ्ठी लावलेली आहे: "डॉक्टर", "वाद्यवाले", "अंगठा दुखरा, बोलायला लागले की थांबत नाहीत". बाई पंचेचाळीसच्या आसपास असतील. एक चष्मा नाकावर आणि एक केसांत. केसांतला त्या शोधत होत्या.

"कोणासाठी करायचेत?" बाईंनी विचारलं.

आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला काही सांगायचं नाही. नायिकेची नाजूक पावलं कुणा मिशीवाल्याची आहेत हे एकदा कळलं, की प्रेक्षकाला ती नायिका पुन्हा धड बघता येत नाही. मी ज्यांच्याकडे राहतो त्या माझ्या सख्ख्या ताईला आणि भावजींनाही मी मशीन चालवतो एवढंच माहीत आहे. म्हणून तोंडाला आलं ते बोललो.

"मिसेससाठी."

"मग घेऊन या की त्यांना."

"ती येणार नाही. लाजाळू आहे."

"बरं. मग पाय कागदावर आखून आणा. दोन्ही, उभं राहून."

मला मिसेस नाही. कधीच नव्हती. पण दुकानातून बाहेर पडलो तेव्हा होती.

१० फेब्रुवारी

स्वतःचे पाय स्वतः उभं राहून आखणं किती कठीण आहे हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही. वाकलो की पाय सरकतो, सरळ झालो की पेन्सिल पोचत नाही. शेवटी पेन्सिल काठीला बांधली. भावजी दारात येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघितलं आणि काही न बोलता गेले. भावजींचं हे मला आवडतं.

बाईंनी कागद बराच वेळ न्याहाळला. "दहा नंबर."

"उंच आहे ती."

"आणि अंगाने?"

"सडपातळ."

"हो का," म्हणाल्या आणि टाचेत लोखंडी सळई घालायची असं वहीत लिहून घेतलं.

१९ फेब्रुवारी

पहिला जोड मिळाला. काळा, टाच अडीच इंच. दगडी फरशीवर चाललो आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. काय आवाज आहे. टक, टक, आणि मध्ये एक छोटीशी हुशारी. कानवाल्यांनी काचेपलीकडून अंगठा दाखवला. तेवीस वर्षांत त्यांनी दाखवलेला हा तिसरा अंगठा.

संध्याकाळी बाईंना सांगायला गेलो. त्यांनी विचारलं, "आवडले का मिसेसना?"

"खूप. घालून दिवसभर हॉटेलात इकडून तिकडे धावत होती." सिनेमातलंच डोक्यात होतं, निघून गेलं.

"हॉटेलात?"

"तिला हॉटेलं आवडतात."

बाई हसल्या. त्यांचे स्वतःचे बूट मऊ तळाचे आहेत. चालताना टाच आधी टेकते आणि मग बाकीचं पाऊल सावकाश, जणू विचार करून. हे फक्त कामापुरतं नोंदवून ठेवतो.

२६ फेब्रुवारी

दुसरा सिनेमा. एक न्यायाधीश बाई आणि एक पियानो पोचवणारा. त्याने लिफ्टमध्ये पियानो अडकवला म्हणून ती त्याला दंड करते आणि पुढे त्या दोघांना त्याच लिफ्टमध्ये अडकावं लागतं. पियानोसकट.

यात नायिका चिडून पाच मजले जिना उतरते. पाच मजले मी उतरलो, म्हणजे आमच्या तीन पायऱ्या चाळीस वेळा. उजवी टाच गेली, दोन्ही करंगळ्यांना फोड आले.

बाईंनी तुटलेला बूट उलटा धरून पाहिला. "काय झालं?"

"चिडून जिना उतरली."

"तुमच्यावर चिडली?"

"हो. माझ्या पियानोवरून." आता पियानोही आला. बोलून बसलो की मला माघार घेता येत नाही.

"आणि मग तुम्ही काय केलंत?"

सिनेमात तो काय करतो ते सांगितलं. लिफ्टचा माणूस झोपलेला, म्हणून हा पियानोवर तिला ऐकू जाईल असं वाजवत बसतो आणि पाच मजले ती थांबत थांबत उतरते, कारण धून अर्धी सोडून जाववत नाही. बाई सुई हातात धरून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "नशीबवान आहे हो तुमची बायको. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. चांगला माणूस होता. पण लग्नानंतर एकदाच माझ्यासाठी चप्पल आणली, तीही एक नंबर लहान. बूट करणाऱ्या बाईला."

मग मला म्हणाल्या, तुमच्या डाव्या बुटात खिळा वर आलेला दिसतोय, काढा जरा. मी काढून दिला. त्यांनी तळ उजेडात धरला, बाजूला तुटलेला बूट धरला, एकदा हा बघितला, एकदा तो. खिळाबिळा काही नव्हता. बाईंची नजर कमजोर झाली असावी, दोन चष्मे असून.

२ मार्च

रविवार. काम नाही. तरीही पियानोवाला सिनेमा पुन्हा बघितला. दाराच्या आवाजाची एक शंका होती. शंका पहिल्या पाच मिनिटांत फिटली.

या सिनेमांची एक गंमत हळूहळू लक्षात येते आहे. सगळे घाईत असतात, सगळे थापा मारतात, पण वाईट कोणीच नसतं. ज्याच्याशी लग्न मोडतं तोही शेवटी दार उघडून धरतो. सगळे टोपी घालतात आणि टोपी पडली की कोणी तरी उचलून देतं. दोन तास बघून बाहेर आलो आणि रस्त्यात एका म्हाताऱ्याला मी उगाचच वाट करून दिली. तो माझ्याकडे संशयाने बघत गेला.

५ मार्च

तिसरा जोड. ह्यात पुढचा भाग बाईंनी रुंद करून दिला आहे, न सांगता. आत मऊ अस्तरही आहे. शिवाय एक मलम दिलं. "मिसेसना फोड आले असतील तर लावायला सांगा," म्हणाल्या. मग हळू आवाजात, "आणि त्यांना म्हणावं, माझ्याकडे लाजायचं काही कारण नाही. ज्याला जे घालून बरं वाटतं ते त्याने घालावं."

चांगल्या स्वभावाच्या आहेत. मिसेस असती तर त्यांचं नक्की जमलं असतं.

९ मार्च

ताईने माझं कपाट आवरलं. बूट घरी आणून मी स्वेटरांच्या मागे ठेवतो, स्टुडिओत उंदीर आहेत म्हणून. दिवसभर ती माझ्याकडे बघून हसत होती आणि जेवताना मला तिसऱ्यांदा वाढलं. भावजींनी विचारलं, "साधारण उंची किती असेल?"

"कशाची?"

"काही नाही. असंच."

नंतर स्टूल घेऊन त्यांनी बैठकीतला लोंबता दिवा वीतभर वर चढवला. मी विचारलं तर म्हणाले, डोक्याला लागायला नको. आमच्या घरात त्या दिव्यापर्यंत कोणाचंच डोकं पोचत नाही.

१४ मार्च

चौथा सिनेमा चालू आहे आणि आज मला एक शोध लागला. कानवाल्यांनाही हे माहीत नव्हतं.

पहिल्या रिळात दोघं एकत्र चालतात तेव्हा पावलं भांडतात. तो लांब ढांगा टाकतो, ती टपटप करत मागे. मधल्या रिळांत एक अडखळतं, दुसरं थांबतं. आणि शेवटच्या रिळात बघावं तर दोघं एका तालात. तोंडाने अजून भांडणच चालू असतं. म्हणजे तोंडाला कळायच्या कितीतरी आधी पायांना कळलेलं असतं. चारही सिनेमांत हेच. हे फक्त पावलं घालणाऱ्याच्याच लक्षात येणार, कारण बाकीचे सगळे तोंडाकडे बघत असतात.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला गेलो, चामड्याच्या करकरीचा अभ्यास करायला. बाई निघालेल्याच होत्या. बसथांब्यापर्यंत बरोबर चाललो. मिसेसबद्दल विचारत होत्या, मी चौथ्या सिनेमातलं बोटीवरचं प्रकरण सांगितलं. फुटपाथची फरशी तिथे चांगली आहे, पावलांचा आवाज स्वच्छ येतो. आमची दोघांची पावलं एका तालात पडत होती. फरशीचाच गुण असावा.

२१ मार्च

चुंबनांचा दिवस. आजवर युद्धपटांत मला हे काम फारसं पडलं नाही. ही गोष्ट स्वतःच्या मनगटावर करतात. ओठ लावायचे, अलगद सोडवायचे.

कानवाले काचेपलीकडून: "कोरडं झालं. पाकिटाला तिकीट लावल्यासारखं." मग, "आता जास्त ओलं झालं. तू जेवतो आहेस." मग, "हे बरं होतं, पण त्यात प्रेम नव्हतं." मी म्हटलं साहेब, मनगट माझंच आहे, किती प्रेम असणार. सतराव्या वेळेला जमलं. मनगट लाल झालं आहे. ताईने ते पाहिलं आणि भावजींना कोपर मारलं.

२५ मार्च

बाई दुकान बंद करणार आहेत.

सहज बोलावं तसं सांगितलं. दुसऱ्या गावी त्यांच्या भावाचा बुटांचा कारखाना आहे, तिथे त्याने तपासणीचं काम देऊ केलं आहे. यंत्रावरचे बूट, डावा उजवा सगळा एका मापाचा. "मापाचे बूट आता कोण करून घेतं," म्हणाल्या. "तुमच्या मिसेस सोडल्या तर." आठ एप्रिलला दुपारी सामानाची गाडी येणार.

मी म्हटलं, चांगलं आहे, यंत्र म्हणजे कटकट नाही. मग बाहेर आलो आणि चुकीच्या बसमध्ये बसलो. तीन थांबे गेल्यावर कळलं.

साहजिक आहे. आठवा सिनेमा अजून व्हायचा आहे आणि त्याचे बूट कोण करणार ही काळजी.

२७ मार्च

झोप नाही. बुटांची काळजी.

१ एप्रिल

आठवा सिनेमा सगळ्यांत अवघड. शेवटी दोघं एका पुलावरून चालतात. एक मिनिट दहा सेकंद. बोलणं नाही, संगीत नाही, फक्त पावलं. आधी त्याची पावलं मी घातली, मग बाईंनी केलेल्या हिरव्या, उंच टाचांच्या जोडात तिची. कानवाल्यांनी दोन्ही एकत्र वाजवली आणि डोळे मिटून ऐकलं.

"जुळतात," म्हणाले.

"मग झालं."

"नको इतकी जुळतात. हा माणूस स्वतःशीच फिरायला गेला आहे."

अकरा वेळा केलं. अकरा वेळा तेच. त्यांना नायिकेच्या धावण्याबद्दलही तक्रार आहे. पुलावर यायच्या आधी ती धावत येते. "तू पोचायला धावत नाहीस, तू धावायला धावतोस," असं काहीतरी बोलले. काम आठ तारखेला द्यायचं आहे, नाही तर आठही सिनेमे दुसऱ्या स्टुडिओकडे जातील आणि माझ्या जागी कोणी तरी बटणं दाबून पावलं काढेल.

४ एप्रिल

बाईंकडे गेलो होतो. ठरवून गेलो होतो की खरं काय ते सांगून टाकायचं. रीत गेली खड्ड्यात. सिनेमांतही सगळा घोळ पहिल्या रिळातल्या एका थापेमुळेच होतो, आणि दर वेळी मी खुर्चीत बसून म्हणतो, अरे सांगून टाक ना गाढवा.

दुकान अर्धं रिकामं झालं होतं. बाईंनी विचारलं, "काय म्हणतात मिसेस?"

मी म्हटलं, "बरी आहे."

त्यांनी एक पुडकं दिलं. दोरी बांधलेलं. "हा शेवटचा जोड. मिसेसना द्या," म्हणाल्या आणि पुढे, "तुम्ही आलात की बरं वाटायचं. रोज काहीतरी नवीन घडलेलं असायचं तुमच्या घरी."

आमच्या घरी काय घडतं? भावजी दिवे वर करतात. ताईने काल एक पांघरूण आणलं, ते पलंगाच्या दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकतं.

मला खूप वाईट वाटतं आहे. हे कामाच्या वहीत लिहायला नको होतं, पण दुसरी वही नाही.

८ एप्रिल

सविस्तर लिहितो. पाय सुजले आहेत, तसंही उठता येत नाही.

सकाळी पुलाचा प्रसंग पुन्हा सुरू केला. नऊ वेळा नापास. दुपारी दीड वाजता कानवाले म्हणाले, बूट बदलून बघ. तेव्हा पुडक्याची आठवण झाली. दोरी सोडली. आत पुरुषांचे बूट होते. तपकिरी, सपाट टाचेचे. मी म्हटलं, बाईंनी गिऱ्हाईक चुकवलं, कुणा तरी भल्या माणसाचे बूट मला दिले. मग आत चिठ्ठी सापडली. "डाव्या टाचेवर बाहेरून जास्त भार टाकता. तिथे चामडं वाढवलं आहे. चालून बघा."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. कानवाल्यांनी आत येऊन एकदाच वाचली.

"ज्या लाकडी पायावर बायकोचे बूट झाले, त्याच पायावर हे झाले आहेत," ते म्हणाले. "बाईंना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

कानवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी किती वाजता येते आहे?"

"दोनला."

"आता एक पन्नास झाले."

मी निघालो. पायात हिरवे उंच टाचांचे बूट होते आणि हातात तपकिरी. ते घालावेत हे सुचलं नाही. गेटवरच्या माणसाने सवयीने सलाम केला आणि मग हात तसाच राहिला. गल्लीत भाजीवाला तराजू धरून थांबला, दोन शाळकरी मुली भिंतीला चिकटल्या. दगडी रस्त्यावर टाचांचा आवाज काय घुमत होता. आणि धावता धावता मला स्पष्ट ऐकू आलं की कानवाले आठ दिवस हाच आवाज मागत होते. पण मी थांबलो नाही.

सिनेमात हे स्टेशनवर होतं, वाफ असते, गर्दी असते. इथे बाई दुकानाच्या पायरीवर बसून लाकडी पाय खोक्यात भरत होत्या. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "हे माझे हिरवे आहेत. डावा घासतोय."

मग वर बघितलं. मला दम लागला होता, मी दाराला धरून उभा राहिलो.

"मला मिसेस नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. तिसऱ्या जोडापासून. तुमचे बूट आणि त्यांचे बूट एकाच बाजूने झिजतात. नवराबायको कितीही एकसारखी झाली तरी इतकी नाही होत."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला आवडतं घालायला. ज्याची त्याची आवड. विचारून तुम्हाला ओशाळं कशाला करायचं. पुढून रुंद करून दिला, एवढंच माझ्या हातात होतं."

मग मी सगळं सांगितलं. दगडी फरशी, काच, निवृत्त बाई, टब, आठ सिनेमे. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला सांगितलं. त्या आधी गंभीर होत्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मग त्या खोक्यातच बसल्या, डॉक्टरांच्या पायांवर. हसून हसून दोन्ही चष्मे काढावे लागले.

"म्हणजे ते पियानो वाजवणं?"

"सिनेमा."

"बोटीवर तिची टोपी पकडायला पाण्यात उडी मारली ते?"

"तेही सिनेमातलंच. मला पोहता येत नाही."

"छान होतं हो ते," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "मला त्या बाईचा हेवा वाटायचा. ती नाहीच हे कळल्यावरही वाटायचा. वेडेपणा आहे सगळा."

गाडी आली. गाडीवाल्याने माझ्या पायांकडे बघितलं आणि भोंगा न वाजवता थांबला. आता सिनेमात नायक मोठं भाषण करतो. मी आठ भाषणं पाठ होईपर्यंत ऐकली आहेत. एकही आठवलं नाही.

"तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं," मी म्हटलं. "बुटांसाठी नाही."

"मग हे आधी नाही का म्हणायचं," बाई म्हणाल्या. "दोन महिने बायकोला मध्ये घेऊन बसलात."

त्यांनी भावाला फोन केला. म्हणाल्या, आज नाही जमत. आज मला एका पुलावरून चालायचं आहे.

स्टुडिओत मी तपकिरी बूट घातले. डाव्या पायाखाली जमीन पहिल्यांदाच सरळ लागली. बाईंनी शोकेससाठी केलेला स्वतःच्या मापाचा जोड घातला. पडद्यावर ती दोघं चालायला लागली आणि खाली आम्ही. बाई पहिल्या चार पावलांत चुकल्या, मग मी चुकलो, कारण त्या माझ्याकडे बघत होत्या. मध्यावर कुठे तरी आवाज एक झाला, पुन्हा सुटला, पुन्हा सापडला. एक मिनिट दहा सेकंद. कानवाल्यांनी अंगठा दाखवला नाही. ते काचेपलीकडे रुमाल शोधत होते.

९ एप्रिल

काम पोचलं. पुढचे बारा सिनेमे आमच्याच स्टुडिओला. कानवाल्यांनी स्त्री-पावलांच्या जागेसाठी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, सकाळी दुकान, दुपारनंतर चालेन. भाऊ रागावला आहे, पण त्याचे बूट बाईच करतात, त्यामुळे फार रागावू शकत नाही. लाकडी पाय पुन्हा फळीवर चढले. "मिसेस" लिहिलेली चिठ्ठी मी काढायला गेलो तर त्यांनी हात धरला. म्हणाल्या, राहू दे, सवय झाली आहे तिची.

१२ एप्रिल

बाईंना घरी आणलं. ताईने दार उघडलं, आधी वर हवेत बघितलं आणि मग नजर बरीच खाली आणली. बाई ताईच्याही खांद्याला लागतात. ताईने त्यांच्या पायांकडे पाहिलं, नंबर चार. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ताई, बस, तुला सगळं सांगतो. ती ऐकून आत गेली आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ तिचा आणि भावजींचा हसण्याचा आवाज येत राहिला. दिव्याची दोरी आता कोणाच्याच हाताला येत नाही. भावजी उद्या स्टूल घेऊन खाली करणार आहेत.

१५ एप्रिल

कामाची एक नोंद राहिली होती. पुढच्या सिनेमात चुंबनं फार आहेत, अकरा. कानवाल्यांनी विचारलं, आता दोघं आहात तर मनगट कशाला.

ती पद्धत आम्ही आज गल्लीत, बसथांब्याच्या अलीकडे, तपासून पाहिली. दोनदा. आवाजाच्या दृष्टीने अगदीच निकामी आहे. काहीही ऐकू येत नाही, जवळून बस गेली तीसुद्धा नाही.

सिनेमासाठी मनगटच वापरणार आहे.